चौलचा किनारा

मे महिन्याच्या सुट्टीत रहाटणीहून आम्ही सहकुटुंब कोकणात गेलो. अलिबाग, नागाव, रेवदंडा. नारळी-पोफळीच्या वाड्या पाहून मुले हरखली. माझे डोळे मात्र शेजारचे चौल शोधत होते. एके काळचे हे मोठे बंदर. अरब त्याला ‘सैमूर’ म्हणत.

बगदादचा इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आला. तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. बंदरात सुमारे १०,००० मुसलमान राहत, असे मसूदी लिहितो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले होते, तसेच ‘बयासिरा’ही होते. बयासिरा म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेले. त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाच्या वतीने त्यांचा कारभार पाही. त्याला ‘हुनरमन’ म्हणत.

वर्गात मुले विचारतात, “सर, आपण बाहेरचे आहोत का?” आजवर मी धड उत्तर देऊ शकलो नव्हतो. पण याच किनाऱ्यावर इथे जन्मलेल्यांसाठी अकराशे वर्षांपूर्वी वेगळा शब्द रूढ होता. जूनमध्ये शाळा उघडली की पहिला तास त्याच शब्दाचा घेईन.