सोळा नियम आणि त्यांची मालकी

कृत्रिम भाषेचा विषय निघाला की मराठीच्या प्राध्यापकाच्या चेहऱ्यावर किंचित स्मित उमटते. भाषा ही समाजाची निर्मिती, एकट्याने घडवायची वस्तू नव्हे, हे आपण भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला सांगून मोकळे होतो. मीही सांगत आलो. एस्पेरान्तोचे प्राथमिक व्याकरण नीट वाचल्यावर मात्र तेवढ्या खात्रीने सांगवत नाही.

1887 साली वॉर्सा येथे एक लहानशी रशियन पुस्तिका निघाली. लेखकाचे नाव होते ‘डॉक्टर एस्पेरान्तो’, म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर. हा 27 वर्षांचा लुडविक झामेनहोफ. त्याचा जन्म बियालिस्तोकचा. रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू एकाच गावात राहून परस्परांकडे संशयाने पाहत, ते हे गाव. पुस्तिकेत व्याकरणाचे सोळा नियम होते आणि सुमारे नऊशे धातू.

एवढ्या थोड्या धातूंवर भाषा चालावी कशी? शालेय वयात झामेनहोफला याचे उत्तर रस्त्यावरच्या पाट्यांवर सापडले, असे त्याने पुढे एका पत्रात लिहिले आहे. द्वारपालाची खोली आणि मिठाईचे दुकान, दोन्ही रशियन पाट्यांच्या शेवटी ‘स्काया’ हा एकच प्रत्यय होता. आपल्याकडे दवाखाना, छापखाना, कारखाना या शब्दांत ‘खाना’ जे करतो तेच. फरक इतकाच, की आपला ‘खाना’ लहरी आहे, शाळेला तो लागत नाही. एस्पेरान्तोत ‘एय’ हा स्थलवाचक प्रत्यय कुठेही लागतो: ‘लेर्नी’ म्हणजे शिकणे, ‘लेर्नेयो’ म्हणजे शाळा. नाम ‘ओ’ने संपते, विशेषण ‘आ’ने. क्रियापदाला वर्तमानात ‘आस’, भूतकाळात ‘इस’, भविष्यात ‘ओस’. पुरुष, लिंग, वचन काहीही बदलो, रूप तेच. बोलतो, बोलते, बोलतोस, बोलतात या सर्वांना मिळून एकच ‘पारोलास’. ‘माल’ जोडला की अर्थ उलटतो. म्हणून रुग्णालय होते ‘मालसानुलेयो’: निरोगी नसलेल्या माणसांची जागा. शब्द काहीसा विनोदी वाटतो, पण शब्दकोश न उघडता उलगडतो. एक खोट मात्र डोळ्यांत भरते. ‘पात्रो’ म्हणजे पिता. माता मात्र त्यालाच ‘इन’ जोडून साधलेली ‘पात्रीनो’. समतेच्या भाषेत आई साधित शब्द ठरावी, याची चर्चा अभ्यासकांत आजही थांबलेली नाही.

माझ्या मते या पुस्तिकेतील सर्वांत मोठी गोष्ट व्याकरणात नाहीच. आंतरराष्ट्रीय भाषा ही राष्ट्रीय भाषेप्रमाणेच सर्वांची संपत्ती आहे, असे सांगून लेखकाने आपले सर्व हक्क तिथेच सोडून दिले. त्याआधी योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने व्होलाप्यूक रचली होती, तिचा प्रसारही मोठा झाला. परंतु अखेरचा शब्द आपलाच असावा हा त्याचा हट्ट सुटला नाही आणि चळवळ फुटली. झामेनहोफची कसोटी 1894 साली लागली. त्याने स्वतःच काही सुधारणा सुचवल्या, त्यावर नियतकालिकाच्या वर्गणीदारांचे मत घेतले, आणि बहुमताने त्या नाकारल्या गेल्या. ज्याने भाषा केली त्यालाच ती बदलता आली नाही! समाजाची निर्मिती म्हणतात ती याहून निराळी काय असते? 1905 साली फ्रान्समधील बूलोन्य येथे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा ते सोळा नियमच पायाभूत म्हणून कायम झाले.

झामेनहोफ 1917 साली वारला. त्याची धाकटी मुलगी लिदिया पुढे देशोदेशी हिंडून या भाषेचे वर्ग घेई. पाठ्यपुस्तक नाही, भाषांतर नाही. वस्तू दाखवायची, प्रश्न विचारायचा आणि विद्यार्थ्यांकडून एकसुरात उत्तर घ्यायचे, अशी तिची पद्धत. अमेरिकेत वर्ग घेऊन ती 1938 साली पोलंडला परतली. 1942 साली ट्रेब्लिंका येथील नाझी छावणीत तिची हत्या झाली.