वाळूने राखलेली साक्ष

शर्यतीच्या जुन्या इंजिनाचा एखादा गंजलेला भाग हाती आला, की पहिला प्रश्न असतो : हा कोणाचा? दुरुस्तीचे काम त्यानंतरचे. वेल्समधील ‘बॅब्स’ या गाडीची हकीकत या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे.

ही गाडी मुळात काउंट लुई झ्बोरोव्स्की या हौशी शर्यतपटूची. १९२४ मध्ये मोंझाच्या शर्यतीत तो मरण पावला आणि जे. जी. पॅरी-थॉमस या वेल्श अभियंत्याने ती १२५ पौंडांना विकत घेतली. तिचे इंजिन मोटारीचे नव्हतेच. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने विमानांसाठी बनवलेले, बारा सिलिंडरांचे, २७ लिटरचे ते लिबर्टी इंजिन होते. त्याची ताकद साखळ्यांवाटे मागच्या चाकांना मिळे. एप्रिल १९२६ मध्ये पेंडाइनच्या किनाऱ्यावर थॉमसने ताशी सुमारे २७५ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला. पुढच्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्बेलने तो मोडला. विक्रम परत मिळवायला आलेला थॉमस ३ मार्च १९२७ रोजी त्याच किनाऱ्यावर अपघातात गेला. गाडी तिथेच वाळूत पुरण्यात आली. साखळी तुटून त्याच्या मानेवर बसली, असे पुढे सर्वत्र सांगितले गेले.

१९६९ मध्ये ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या अध्यापकाने ती उकरून काढली. खाऱ्या ओलीने वरचा पत्रा खाल्ला होता, पण यंत्राचे बरेच भाग वाचले होते. लिबर्टी इंजिने वीस हजारांहून अधिक बनली. त्यामुळे कारखान्यातला भाग दुसऱ्या इंजिनाशी ताडून पाहता येतो. पिस्टन मात्र थॉमसने स्वतः आखले होते. असा भाग कुठल्याच नमुन्याशी जुळत नाही. आणि न जुळणे हीच त्याची ओळख. घाईने ‘चुकीचा’ म्हणून तो बदलला, तर माणसाची बुद्धीच पुसली जाते. गंज खरवडतानाही हीच काळजी हवी. तुटीची कड घासली गेली, तर तो भाग कसा तुटला हे पुन्हा कळत नाही.

गाडी बाहेर आल्यावर झालेल्या तपासणीने साखळीच्या कथेवर शंका उभी राहिली. मागचे उजवे चाक आधी निकामी झाले असावे, असे मत पुढे आले. चाळीस वर्षे लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट लोखंडाने अडवली.

अनेक वर्षांच्या खटपटीनंतर बॅब्स पुन्हा धावली. अशा कामात नवा भाग घालावाच लागतो, त्यात गैर काही नाही. तो नवा आहे एवढे नोंदवून ठेवावे. नाहीतर पुढचा अभ्यासक आपल्या कारागिरीलाच इतिहास समजेल.