पवनेकाठचा मुक्काम

शनिवारची दुपार उतरू लागली की चिंचवडाहून मावळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक निराळी वर्दळ सुरू होते. मोटारसायकलींच्या मागे वळकट्या बांधलेल्या, मोटारींत मंडळी दाटीवाटीनं बसलेली. कुठं निघालात म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं: पवनेला, मुक्कामाला! पस्तीस-चाळीस किलोमीटरची वाट, पाण्याच्या काठाशी कापडी तंबू, शेकोटी, आणि सकाळी चहा-पोहे. ठाकूरसाई, आंबेगाव या गावांच्या बाजूला असे तळ पुष्कळ झाले आहेत. बहुतेक गावकऱ्यांच्याच शेतांत किंवा शेतं भाड्यानं घेऊन चालवलेले. तुम्हीही कधी गेला असाल, नसाल तर जाल. जरूर जा. मात्र ज्या काठावर अंथरूण पसरायचं त्याची थोडी हकीकत माहीत असलेली बरी.

या खोऱ्यात परक्या माणसानं रात्र काढावी, ही गोष्ट काही आजची नव्हे. कामशेतहून पवनानगरकडे येताना डोंगरात बेडसे लेणी लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे काम. चैत्यगृहाचे खांब पाहायला लोक जातात, आणि ते पाहण्यासारखे आहेतच. पण तुम्ही शेजारच्या विहारात थोडा वेळ थांबा. भिक्षूंच्या राहण्याच्या लहान लहान खोल्या, आत निजण्यासाठी दगडाचेच ओटे. बुद्धाच्या अनुयायांनी पावसाळ्यात भटकू नये, एका ठिकाणी वर्षावास करावा, असा नियम होता. मावळातला पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला या नियमाचं मर्म समजावून सांगायला नको. बाहेर खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, आणि एका टाक्यावर शिलालेख आहे. सामडिनिका नावाच्या महारठिनीनं, म्हणजे एका सरदारघराण्यातल्या बाईनं, ते दान दिलं. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी मिळावं म्हणून एका बाईनं टाकं खोदवून दिलं, एवढी बातमी दोन हजार वर्षं त्या दगडावर टिकून आहे.

पुढच्या काळात इथं मुक्काम पडले ते लष्कराचे. तलावाकडे तोंड करून उभे राहिलात तर एकीकडे लोहगड-विसापूरची जोडी आणि दुसरीकडे तुंग व तिकोना. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना मोगलांकडे जे तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यांत हे चारही होते. तंबूच्या दारातून एका नजरेत चार किल्ले दिसावेत आणि चारही एकाच तहात गेलेले असावेत, असं ठिकाण दुसरं चटकन आठवत नाही. गंमत एवढीच की ज्यांनी ते किल्ले राखले, त्यांनी हे तळं कधी पाहिलं नाही. त्यांना खाली दिसत होती ती नदी, भातखाचरं आणि गावं.

म्हणजे तळं नवं आहे, आणि इथंच आपला, चिंचवडकरांचा, संबंध येतो. चिंचवड हे मोरया गोसावींचं गाव. त्यांची समाधी पवनेच्याच काठी आहे, आणि भाद्रपदात व माघात मंगलमूर्तींची पालखी इथूनच मोरगावला निघते. अशा या गावाच्या अवतीभवती शहर उठलं ते कारखान्यांमुळे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालं, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. कारखाना म्हटला की कामगार आले, कामगार आले की चाळी आल्या, आणि चाळ म्हटली की नळ आलाच. वर मावळात पवना धरण १९७२ साली पुरं झालं. मातीचा बांध आणि त्यामागे साधारण साडेआठ अब्ज घनफूट पाणी. ते पाणी नदीच्या पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचललं जातं आणि शुद्ध होऊन आपल्या माठात पडतं.

पण पाणी भरलं ते रिकाम्या जागेत नव्हे. गावं उठली, खाचरं बुडाली, देवळं बुडाली. शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला होता. धरण थांबलं नाही, पण निदान त्याचं नाव इतिहासात राहिलं. पवनेच्या उठलेल्या माणसांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्यांच्यातल्या कित्येकांचा पर्यायी जमिनीचा प्रश्न धरणाला पन्नास वर्षं झाली तरी कागदांतच राहिला.

पुढे धरणापासून निगडीपर्यंत पाणी बंद नळातून नेण्याची योजना आली. शहराच्या दृष्टीनं ती सोयीची. वाटेत पाणी मुरत नाही, घाण होत नाही. मावळच्या शेतकऱ्याचा हिशेब वेगळा होता. पात्रातून पाणी वाहतं म्हणून त्याचा पंप चालतो. तेच नळात गेलं तर पुढे पात्र कोरडं. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. त्यांत एक बाई होती. योजनेचं काम त्यानंतर कैक वर्षं बंद पडलं. आपण नळ सोडतो तेव्हा हे आठवत नाही. आठवावं असा माझा आग्रहही नाही. पण काठावर झोपायला जाणाऱ्यानं तरी ते ऐकलेलं असावं.

म्हणूनच तिथं मोठमोठे कर्णे लावून नाचणाऱ्या मंडळींचा मला राग येतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक नको, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. तो नसता तरी शेजारच्या वाडीत माणसं झोपलेली असतात, पहाटे त्यांना धार काढायची असते. आणखी एक गोष्ट. हे पोहण्याचं तळं नव्हे. खाली उतार आहेत, गाळ आहे, खाचरांचे जुने बांध आहेत. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल कुठं पडेल, सांगता येत नाही. तिथं बुडालेल्यांत पोहता येणारेही होते.

जायचंच तर एप्रिल-मेमध्ये एकदा जा. पाणी मागे सरतं आणि एरवी बुडालेलं वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं. शिखर राहिलेलं नाही, पण भिंती उभ्या आहेत. जवळच्या गावात सत्तरीतला कोणी आजोबा भेटला तर त्याला बरोबर घ्या आणि विचारा, कुणाचं घर कुठं होतं, खळं कुठं होतं, पाणवठ्याची वाट कुठून जात होती. धरण भरलं तेव्हा जी मुलं होती त्यांनाच आता हे सांगता येतं, आणि तीही वर्षागणिक कमी होत आहेत.