पत्र्यावरचा बडोद्याचा खटला

चंदीगडहून कालक्याकडे जाताना पिंजौर लागतं. तिथली सात टप्प्यांची मुघल बाग औरंगजेबाचा दूधभाऊ नवाब फिदाई खान यानं सतराव्या शतकात उभारली. लाहोरच्या बादशाही मशिदीचं कामही त्याच्याच देखरेखीखाली झालं. या बागेची एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. डोंगरी राजांना मुघल सरदाराचा शेजार नको होता. त्यांनी गलगंड झालेल्या बायका शोधून जनानखान्यात पाठवल्या, इथल्या हवापाण्यानं असंच होतं अशी भीती घातली आणि बेगमांनी बाग सोडली. कथेत रंग भरलेला असेल, पण गलगंड खराच होता. हिमालयाच्या पायथ्याच्या मातीत आयोडीन कमी. 

कारंजी, शीशमहाल, घाबरलेल्या बेगमा: चित्रकाराला आणखी काय हवं? असे गाजलेले, बदनाम झालेले प्रसंग हल्ली धातूच्या पत्र्यावर छापून दिवाणखान्यात लावता येतात. लेप दिलेल्या ॲल्युमिनियमवर उष्णता आणि दाब दिला की शाईचा वायू होऊन रंग त्या लेपात मुरतो. चित्राला काच लागत नाही, ते दमट हवेनं फुगत नाही. तंत्र नवं आहे, हौस मात्र जुनी. विल्यम होगार्थनं १७३२ साली लंडनमध्ये एका फसवल्या गेलेल्या मुलीची सहा चित्रं तांब्याच्या पत्र्यांवर कोरली आणि पहिल्याच चित्रात बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला कर्नल चार्टरिस दारात उभा केला. लोकांनी ती चित्रं वर्गणी भरून घेतली.

अशा बदनाम प्रकरणांत मराठी माणसाच्या सर्वांत जवळचं प्रकरण बडोद्याचं. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी तिथला ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर पपनसाच्या रसाचं शरबत दोन घोट प्याला. चव बिघडलेली वाटली म्हणून त्यानं उरलेलं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. संशय थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर गेला. फेअरला इथून हलवा, असा खलिता महाराजांनी आठवडाभर आधीच व्हाइसरॉयला धाडला होता, हेही इथे ध्यानात घ्यायला हवं. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली आणि फेब्रुवारीत सहा जणांचा आयोग बसला: सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल हे तीन इंग्रज, जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे हे तीन भारतीय. महाराजांची बाजू मांडायला लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा वकील आला.

विलायतेतल्या सचित्र साप्ताहिकांना यापेक्षा मोठी मेजवानी मिळणं कठीण होतं. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ आणि ‘ग्राफिक’ यांनी या प्रकरणाची चित्रं छापली. अशा चित्रांमागचं काम पाहण्यासारखं आहे. रेखाटन बोटीनं लंडनला पोहोचलं की ते बॉक्सवुडच्या ठोकळ्यांवर उतरवत. मोठा ठोकळा तुकड्यांचा असे. तुकडे सोडवून वेगवेगळ्या कारागिरांना कोरायला देत आणि पुन्हा जोडत. मग त्याचा मेणात ठसा घेऊन, ग्राफाइट चोळून, मोरचुदाच्या द्रावणात वीज सोडत. मेणावर तांब्याचा पातळ थर चढे, आणि मागून शिसं ओतून पक्का केलेला तोच थर छपाईला जाई. आज कोणी तेच पान ॲल्युमिनियमवर उतरवून घेतलं, तर बडोद्याचा खटला दुसऱ्यांदा धातूवर येतो.

या चित्रांत गायकवाड आरोपी म्हणूनच दिसतात. निकालाच्या वेळी जे झालं ते कोणत्याही एका चित्रात मावणारं नाही. तिन्ही इंग्रजांनी महाराजांना दोषी धरलं. तिन्ही भारतीयांना दोष सिद्ध झालेला वाटला नाही. सरकारनं मग विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवला, गैरकारभाराचं कारण दिलं आणि एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला नेलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू उचलून धरली होती. नारायण बापूजी कानिटकरांनी ‘मल्हारराव महाराज’ हे नाटक लिहिलं. मराठी मुलखात या प्रकरणात महाराजांची कड घेतली ती सभेनं आणि रंगभूमीनं.

मराठी घराच्या भिंतीवर मात्र त्याच बडोद्यातून वेगळीच चित्रं आली. महाराज गेल्यावर कारभार सावरायला दिवाण म्हणून टी. माधवराव आले. राजा रविवर्म्याला बडोद्याला बोलावण्यात त्यांचाच पुढाकार होता, आणि तुमची चित्रं युरोपात छापून घ्या म्हणजे मागणी भागेल, असा सल्लाही त्यांनीच दिला. कवळाण्याहून दत्तक येऊन गादीवर बसलेल्या सयाजीरावांनी रविवर्म्याकडून पुराणकथांची १४ चित्रं काढून घेतली. १८९४ साली गिरगावात रविवर्म्याचा छापखाना उभा राहिला, पुढे तो मळवलीला गेला. त्या दगडी छापाच्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघरी पोहोचल्या. बायका त्यांना जर आणि टिकल्या लावून सजवत. एका राजाची बदनामी झाली नसती तर माधवराव बडोद्याला आले नसते, आणि आपल्या आजी-पणजींच्या भिंती कदाचित वेगळ्या दिसल्या असत्या.

बंगालमध्ये बदनामीच थेट भिंतीवर चढली. २७ मे १८७३ रोजी कलकत्त्याच्या एका छापखान्यात नोकरीला असलेल्या नवीनचंद्रानं आपल्या सोळा वर्षांच्या बायकोचा, एलोकेशीचा, मासे चिरायच्या विळीनं गळा चिरला. तारकेश्वरचा महंत माधवचंद्र गिरी याच्याशी तिचा संबंध असल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. महंताला तीन वर्षांची सक्तमजुरी आणि दोन हजार रुपये दंड झाला. नवीनला जन्मठेप झाली, पण लोकांच्या अर्जांमुळे १८७५ मध्ये त्याची सुटका झाली. कालीघाटच्या पटुआ चित्रकारांनी या प्रकरणाचा प्रत्येक टप्पा स्वस्त कागदावर रंगवला आणि यात्रेकरूंनी तो घरी नेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ही चित्रं आहेत. तिथल्या कालीघाट चित्रांचा एक मोठा वाटा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगनं जमवला होता. मुलगा रुडयार्डनं तो १९१७ साली तिथे दिला.

त्यांतलं एखादं चित्र पत्र्यावर छापून घ्यायचं असेल, तर विळी उगारलेला नवरा आणि खाली पडलेली एलोकेशी हे चित्र घरात लावू नये. त्या मुलीची बाजू कोणत्याच पटात नाही, आणि तिचं मरण सोफ्याच्या वरची शोभा होणं वाईटच. त्याच मालिकेत तुरुंगात तेलाचा घाणा ओढणारा महंत आहे. तो खुशाल लावावा.