साखरेच्या 'पोल'पासून एक्सायटॉनपर्यंत

बारामती-इंदापूर हा साखर कारखान्यांचा मुलूख. माळेगाव, भवानीनगर ही नावे आपल्या परिचयाची आहेत. कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे 'पोल' काढतात. ध्रुवित प्रकाश रसातून पाठवायचा, त्याची कंपनदिशा किती अंश वळली ते पाहायचे आणि त्यावरून साखरेचे प्रमाण ठरवायचे. काही सेंद्रिय द्रवांचा हा गुण बिओ यांना १८१५ मध्ये आढळला. फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात त्याचे कारण सांगितले. ध्रुवित प्रकाश ही उजव्या व डाव्या वळणाच्या दोन प्रकाशांची बेरीज आहे. अशा द्रवात दोघांचे वेग वेगळे पडतात, म्हणून दिशा वळते.

चुंबकाला हे जमेल का? फॅरेडे यांनी १८४५ मध्ये चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या काचेतून प्रकाश पाठवला, आणि त्याची दिशा वळली! चुंबकामुळे वर्णपटातील रेषाही बदलतात, हे झीमन यांनी १८९६ मध्ये दाखवले.

आता आजच्या प्रयोगशाळेत येऊ. प्रकाशामुळे अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन उठला की मागे धन प्रभाराचे विवर उरते. या दोघांची बांधलेली जोडी म्हणजे एक्सायटॉन. टंगस्टन डायसेलेनाइडच्या एकाच थरात एक्सायटॉन दोन प्रकारचे असतात. एक उजव्या वळणाचा प्रकाश शोषतो, दुसरा डाव्या. एरवी दोघांची ऊर्जा सारखीच असते. बाहेरून १ टेस्लाचे क्षेत्र लावले, तरी फरक जेमतेम ०.२ मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट पडतो.

२०१७ मध्ये हा थर क्रोमियम ट्रायआयोडाइड या चुंबकीय स्फटिकाला चिकटवून पाहिला गेला. फरक एवढा पडला, की जणू सुमारे १३ टेस्लाचे क्षेत्र लावले असावे! हे दुरून पोचणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे काम नव्हे. दोन्ही थरांतील इलेक्ट्रॉनांच्या तरंगांची सरमिसळ होते आणि ती अणूएवढ्या अंतरापुरतीच असते. आपल्याकडे म्हणतातच, ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. अर्धवाहक अर्धवाहकच राहतो. शेजाऱ्याचा गुण मात्र उचलतो.

पण हा शेजारी सुमारे उणे २१२ अंश सेल्सिअसच्या खालीच चुंबक असतो. त्याहून तापला की लागलेला गुणही जातो. म्हणून नेहमीच्या तापमानात टिकणारा शेजारी शोधणे हे आम्हां संशोधकांपुढचे खरे काम आहे. विद्यार्थ्यांना या इतिहासाची पहिली पायरी वर्गातच दाखवता येईल. त्यासाठी दोन पोलरॉइड पट्ट्या आणि मध्ये साखरेच्या पाकाचा पेला एवढे पुरे.