कानावरील खूण आणि वहीतील नोंद

मेंढरे ओळखण्याची विद्या आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या अक्षरावाचून चालत आली. दोनशे मेंढरांच्या खांडात आपली मेंढी कोणती आणि शेजारच्या वाड्यातून चुकून शिरलेली कोणती, हे जाणत्या मेंढपाळास चेहऱ्यावरून, चालीवरून, ओरडण्यावरूनही कळते. तरीपण वाटेत दोन वाडे मिसळले तर तंटा नको, म्हणून कोकरू लहान असतानाच त्याच्या कानाला खाच देण्याची किंवा कानाचा शेंडा कापण्याची रीत पडली. अशी रीत जगातील बहुतेक सर्व मेंढपाळ लोकांत आढळते.

ही खाच जनावर कोणाचे आहे एवढेच सांगते. ते कोणत्या मेंढीच्या पोटचे, कोणत्या मेंढ्याचे, कितव्या वेताचे, हे सांगण्याचे सामर्थ्य तिच्या अंगी नाही. ती वंशावळ वाड्यावर कोकरे सांभाळणाऱ्या मायबहिणींच्या स्मरणात राहात असे. त्या स्मरणशक्तीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु सांभाळणारी व्यक्ती गेली किंवा खांड भावाभावांत वाटले गेले, की ती वंशावळही तेथेच संपे.

कानात क्रमांकाचा बिल्ला घालून तोच क्रमांक वहीत उतरविण्याने काय साधते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे आणि त्याचा धागा थेट आपल्या फलटणपर्यंत येतो. इ. स. १७९२ व १७९३ मध्ये कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियास गेल्या. पुढे त्या तेथील कळपांत मिसळून गेल्या व लोकांच्या विस्मरणातही गेल्या. विसाव्या शतकाच्या मध्यास कूमा गावाजवळील ‘बुरूला’ नावाच्या मळ्यावर सीअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून वेगळ्या राखल्या होत्या. १९५८ साली हेलन न्यूटन टर्नर या विदुषींनी त्यांतील काही जनावरे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेसाठी मिळविली. त्यानंतर वर्षानुवर्षे प्रत्येक मेंढीचा क्रमांक, तिची माता, तिचा पिता आणि प्रत्येक वेताची कोकरे यांची टिपणे ठेवली गेली. मेंढ्यांच्या लेकी क्रमांकावरून मांडून पाहता बहुप्रसवतेचा हा गुण एकाच जनुकातून उतरतो, असा निष्कर्ष १९८० नंतरच्या दशकात निघाला. ते जनुक नेमके कोणते, हे २००१ साली निश्चित झाले. आणि सुंदरबनातील ठेंगण्या गारोळ मेंढीत तेच जनुक असल्याचे लगोलग दिसून आले. दोनशे वर्षांपूर्वी तुटलेला धागा अशा रीतीने पुन्हा जुळला. जनुकाची परीक्षा प्रयोगशाळेत झाली हे खरे. पण शोध कोठे घ्यावा हे दाखविले ते मळ्यावरील वह्यांनी.

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटण येथे स्थापिलेल्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने हेच जनुक गारोळ मेंढीपासून आपल्या दख्खनी मेंढीत आणण्याचे कार्य हाती घेतले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे त्यास साहाय्य झाले, आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. हे जनुक लाभलेली मेंढी पुष्कळदा जुळे देते. परंतु येथे एक मेख आहे. मेंढ्याच्या अंगी हे जनुक असले तरी बाहेरून त्याचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. मेंढा उंचापुरा आहे, शिंगे भरदार आहेत, यावरून काहीच ठरत नाही. त्याच्या मातेची नोंद पाहावी किंवा रक्त तपासून घ्यावे, एवढेच दोन मार्ग. ज्या मेंढ्याचा बिल्ला गळाला व नोंद तुटली, तो मेंढा कितीही नामांकित वंशाचा असला तरी बाजारात इतर मेंढ्यांच्याच भावाने जातो.

बिल्ला गळणे तर नित्याचेच. बाभळी-बोरींच्या झुडपांत पाला ओरबाडताना तो अडकतो, वाघरीच्या जाळ्यात गुंततो, आणि जनावराने हिसडा दिला की कानाची पाळ फाटून पडतो. अशा वेळी हाताशी असलेला दुसरा बिल्ला घालून मोकळे होण्याची घाई पुष्कळ ठिकाणी दिसते. यातून होणारी हानी बिल्ला हरवण्याहून मोठी असते. आधी मेंढी कोणती हे पक्के करावे. उरलेल्या बिल्ल्यांची वहीशी गाठ घातली म्हणजे कोणता क्रमांक कमी आहे ते कळते. मग वय, रंग, दात व अंगावर पिणारे कोकरू यांवरून ताळा पाहावा. नवा क्रमांक दिल्यावर वहीत जुना क्रमांक खोडू नये. त्याच ओळीत नवा क्रमांक व तारीख लिहावी. मेलेल्या किंवा विकलेल्या जनावराचा क्रमांक दुसऱ्यास कधीही देऊ नये. आणि ओळख पटलीच नाही, तर ‘माता अज्ञात’ असे स्वच्छ लिहावे. अंदाजाने लिहिलेली माता ही कोऱ्या जागेपेक्षा वाईट, कारण पुढील पाच पिढ्यांचा हिशेब तिच्यावर उभा राहतो. बिल्ला घालताना कानाच्या शिरा चुकवाव्यात आणि चिमटा जंतुनाशकात बुडवावा. पावसाळ्यात माश्यांचा उपद्रव असतो व जखमेत किडे पडतात; शक्य तर ते दिवस टाळावेत. पैदाशीच्या निवडक जनावरांस दोन्ही कानांत बिल्ले घालणे अधिक शहाणपणाचे, कारण दोन्ही एकदम सहसा गळत नाहीत.

सरकारी बिल्ल्यावर बारा आकडे असतात. २०१९ च्या सप्टेंबरात लाळ्या-खुरकुताच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात मेंढ्या-शेळ्यांचाही समावेश करण्यात आला आणि लसीची नोंद या क्रमांकावर होऊ लागली. हा बिल्ला पडल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात जुना क्रमांक सांगून बदलाची नोंद करून घ्यावी. तसे न करता नवाच क्रमांक घेतला, तर कागदोपत्री ती मेंढी नवी जन्मते आणि तिच्या मागील लसी व वेते पुसली जातात. विम्याच्या बाबतीत तर नियम अधिकच कठोर: बिल्ला नाही, तर दावा नाही. वादळात वा विषबाधेने एका रात्रीत पंधरा-वीस मेंढरे पडल्यावर कुटुंबाच्या हाती काय उरणार, हे त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ठरते.

आपली कुटुंबे दिवाळीनंतर वाडे घेऊन दूर जातात. पाऊस, नदीनाले आणि घोड्यावरील ओझे यांत वही टिकणे कठीणच. म्हणून वहीची एक प्रत गावी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे किंवा शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडे असावी, आणि वाड्यावर बिल्ला बदलला की जुना व नवा असे दोन्ही क्रमांक त्याच दिवशी दूरध्वनीवरून घरी कळवावेत. हे काम दहा वर्षांची मुलगीही उत्तम करू शकते.