फोनमधला बारीक आवाज

‘आवाज बारीक येतोय’ ही तक्रार टेलिफोनइतकीच जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना मार्च १८७६ मध्ये पेटंट मिळाले. त्यानंतर बाजारात आलेल्या सुरुवातीच्या यंत्रांत बोलायला आणि ऐकायला एकच उपकरण असे. त्याला बॅटरी नव्हती. आवाजाने लोखंडी पडदा हलायचा, त्याने चुंबकाभोवतीच्या तारेत जेमतेम वीज निर्माण व्हायची आणि तेवढ्या भांडवलावर शब्द पलीकडे पोचवायचे, असा सारा मामला होता.

यावरचा पहिला मोठा उपाय टॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये शोधला. कार्बन दाबला की त्यातून वीज अधिक सहज वाहते. त्यामुळे वीज पुरवण्याचे काम बॅटरीकडे गेले आणि आवाजाला फक्त तिचे नियंत्रण करायचे उरले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील धर्मोपदेशक हेन्री हनिंग्ज यांनी कार्बनचे सुटे कण वापरले आणि आवाज आणखी खणखणीत झाला. मात्र हे कण दमट हवेने किंवा एकाच स्थितीत राहून घट्ट बसत, मग पलीकडच्याला बोलणे पुसट ऐकू येई. रिसीव्हर तळहातावर हलकेच आपटला की कण सुटे होत. काळ्या डायलच्या फोनचा हा घरगुती इलाज शास्त्राला धरूनच होता.

२८ जानेवारी १८८२ रोजी कोलकाता आणि चेन्नईबरोबर मुंबईतही टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. गावातल्या गावात बोलणे ठीक चाले; अंतर वाढले की तारच आवाज गिळू लागे. ऑलिव्हर हेविसाइड यांच्या सिद्धान्ताच्या आधारे १९०० च्या सुमारास लाइनवर ठरावीक अंतराने तारेची वेटोळी बसवली जाऊ लागली. त्यांनी आवाजाची घट कमी झाली, पण गेलेला जोर परत मिळत नव्हता. तो निर्वात नळीच्या वर्धकाने मिळवून दिला. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला अधिकृत संभाषण झाले, ते याच नळ्यांच्या बळावर. तरीही ट्रंक कॉलवर ओरडून बोलणे अनेक दशके चालू राहिले. पलीकडचा आवाज दुरून आल्यासारखा वाटला की माणूस आपोआप स्वतःचाही आवाज चढवतो.

मोबाइलमध्ये कार्बनचे कण नाहीत आणि डिजिटल आवाज वाटेत विरतही नाही. सिग्नल खराब असेल तर तो तुटतो. त्यामुळे बारीक आवाजाचे कारण बहुधा हातातल्या यंत्रातच सापडते. कानाशी धरायच्या स्पीकरमध्ये आजही चुंबक, तारेचे वेटोळे आणि पडदा असे बेलच्या कुळातलेच साहित्य असते. त्याच्यावरची बारीक जाळी धूळ, घाम आणि कानातल्या मळाने बुजते, नाहीतर स्क्रीनगार्डची कड तिच्यावर चढते. स्पीकरफोनवर स्वच्छ आणि कानाला मात्र पुसट ऐकू येत असेल, तर संशय आधी या जाळीवर घ्यावा. मऊ, कोरड्या ब्रशने ती साफ होते. टाचणी घातली तर आतला पडदा फाटू शकतो. बऱ्याच फोनमध्ये कॉलचा आवाज रिंगटोनपेक्षा वेगळा ठेवलेला असतो आणि कॉल चालू असतानाच बाजूच्या बटणाने वाढतो. हे ठाऊक नसल्याने धडधाकट फोनही दुरुस्तीला जातात. याउलट, पलीकडच्यालाच बारीक ऐकू येत असेल तर मायक्रोफोनची भोके पाहावीत. गोंगाट गाळणारा दुसरा मायक्रोफोन बहुधा वर किंवा मागे असतो. कव्हरने तो झाकला, तर बोलणाऱ्याचा आवाजही दबू शकतो.